काळ हे यावर औषध नाही

अमेरिकेतल्या वंशद्वेषाचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. तो मांडणारे सहसा सुजाण असतात, द्वेषाचे समर्थक नसतात, म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवे. ते म्हणतात, नव्याने आलेल्या प्रत्येक समाजाला अमेरिकेने आधी झिडकारले आणि मग आपले म्हटले. आयरिशांना झिडकारले, पुढे त्यांच्यातलाच जॉन केनेडी राष्ट्राध्यक्ष झाला. इटालियनांचा तिरस्कार केला, आज इटालियन आडनाव ऐकून कोणी भुवई उंचावत नाही. ज्यू, पोलिश, ग्रीक, सगळे याच वाटेने गेले. तेव्हा मेक्सिकन, हैतियन किंवा भारतीय माणसाच्या वाट्याला आज जे येते आहे तो एक टप्पा आहे. जुनी पिढी जाईल, नवी येईल आणि हेही मागे पडेल. मुलगा-सून न्यू जर्सीत किंवा टेक्सासात असलेल्या पुण्या-ठाण्यातल्या घरांना हा युक्तिवाद फार धीर देतो. मला तो चुकीचा वाटतो आणि घातकही वाटतो. द्वेष माणसांच्या मनात राहतो आणि माणसांबरोबर संपतो, असे तो धरून चालतो. प्रत्यक्षात हा द्वेष कायद्याच्या कलमांत राहिला, न्यायालयाच्या निकालांत राहिला, पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या जाणाऱ्या तयार चित्रांत राहिला. आणि सगळ्यात जास्त तो कालच्या बहिष्कृताला आत घेताना त्याच्याकडून वसूल केलेल्या किमतीत राहिला. यांतली एकही गोष्ट माणसांच्या वयाबरोबर मरत नाही.

या सिद्धान्ताचे लाडके उदाहरण आयरिशांचे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. त्यांच्याआधी पाळी जर्मनांची होती. पेनसिल्व्हेनियात येणाऱ्या जर्मनांविषयी बेंजामिन फ्रँकलिनने 1751 च्या निबंधात कडवट तक्रार केली आहे. बहुतेक जर्मन, इतकेच काय स्वीडिश लोकही, त्याच्या लेखी पुरेसे गोरे नव्हते. शतकभराने रोख आयरिश कॅथलिकांकडे वळला. 1844 मध्ये फिलाडेल्फियात कॅथलिक चर्च जाळण्यात आली आणि दहा वर्षांत ‘नो नथिंग’ नावाच्या स्थलांतरितविरोधी पक्षाने मॅसॅच्युसेट्सचे विधिमंडळ जवळजवळ संपूर्ण ताब्यात घेतले. टप्प्याचा सिद्धान्त इथून थेट केनेडीवर उडी मारतो. मधल्या काळात काय झाले ते मात्र सांगत नाही. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात जन्मलेला डेनिस कर्नी 1877 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कामगारांचा पक्ष उभा करतो आणि त्याची घोषणा असते, चिन्यांनी चालते व्हावे. पाच वर्षांत, 1882 मध्ये, चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा येतो. 1885 मध्ये वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्ज इथे 28 चिनी खाणकामगार मारले जातात. मारणाऱ्यांत खुद्द युरोपातून नुकतेच आलेले कामगार पुष्कळ होते आणि त्यांच्यापैकी एकालाही शिक्षा झाली नाही. पुढे 1952 मध्ये वंशावर आधारलेले देशवार कोटे कायम ठेवणारा कायदा होतो. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन त्यावर नकाराधिकार वापरतात, काँग्रेस तो ओलांडून कायदा मंजूर करते. त्या कायद्यावर पहिले नाव आहे सिनेटर पॅट मॅककॅरन यांचे, आणि मॅककॅरन हे आयरिश स्थलांतरितांचे पुत्र होते. सगळे आयरिश असे वागले असे मी म्हणत नाही. या कोट्यांविरुद्ध केनेडींनी पुस्तक लिहिले आणि कायदा बदलण्यासाठी जोरही लावला. पण ज्यांच्यावर एका पिढीत दगड पडले त्यांच्यातल्या वजनदार भागाने पुढच्या पिढीत दगड हाती घेतले, आणि ‘अमेरिकन’ म्हणून त्यांची ओळख पक्की व्हायला त्याची मदतच झाली. याला द्वेष संपणे म्हणता येत नाही.

इटालियनांचेही तसेच. 14 मार्च 1891 रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने तुरुंगात शिरून 11 इटालियनांना ठार केले. अमेरिकेतल्या मोठ्या जमावहत्यांमध्ये ती मोजली जाते. तरीही त्या समाजाजवळ एक गोष्ट पहिल्या दिवसापासून होती. 1790 च्या कायद्याने नागरिकत्वाचा हक्क फक्त ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीं’ना दिला होता आणि न्यायालयांच्या दृष्टीने इटालियन माणूस, कितीही हिणवला गेला तरी, गोरा होता. तो नागरिक होऊ शकत होता, मत देऊ शकत होता, मताच्या जोरावर शहरातल्या पक्षसंघटनांकडून नोकऱ्या आणि पोलिसांतल्या जागा मिळवू शकत होता. चिनी आणि जपानी माणसाला हे दारच नव्हते, आणि हिंदी माणसापुढे ते पुढे बंद झाले. एकाला शिडी दिली आणि दुसऱ्याची काढून घेतली, हे न सांगता कष्टाने वर आलेल्यांच्या कथा सांगणे हा इतिहासाचा विपर्यास आहे.

या फरकाचा सर्वांत स्वच्छ पुरावा सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांत आहे. ताकाओ ओझावा अमेरिकेत वीस वर्षे राहिला होता, कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकला होता, घरात इंग्रजी बोलत होता. 1922 मध्ये न्यायालयाने त्याला सांगितले की गोरा म्हणजे कॉकेशियन, आणि तू कॉकेशियन नाहीस. अवघ्या तीन महिन्यांनी, 1923 मध्ये, भगतसिंग थिंड त्याच न्यायालयापुढे आला. पंजाबचा हा तरुण पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होता, आणि त्या काळच्या मानववंशशास्त्रानुसार तो कॉकेशियन ठरत होता. आता न्यायालय म्हणाले की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस याला गोरा समजत नाही. दोन्ही निकाल न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लिहिले. सदरलँड यांचा जन्म इंग्लंडमधला; ते स्वतः स्थलांतरित होते. थिंडच्या निकालातला त्यांचा तर्क पाहा. युरोपातून आलेल्यांची मुले इथल्या लोकसंख्येत मिसळून जातात आणि त्यांच्या मूळ देशाच्या खुणा पुसल्या जातात, पण हिंदू आईबापांच्या मुलांवर वंशाची खूण कायम दिसत राहील, असे ते लिहितात. म्हणजे पिढीगणिक विरघळण्याचा सिद्धान्त सर्वोच्च न्यायालयाने शंभर वर्षांपूर्वीच मांडला आणि कोणासाठी तो लागू नाही तेही त्याच पानावर नोंदवले. या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. सॅन फ्रान्सिस्कोतल्या वैष्णो दास बगाई या व्यापाऱ्याने ब्रिटिश प्रजाजनत्व सोडले होते. अमेरिकेनेही हात झटकल्यावर तो कुठलाच राहिला नाही. 1928 मध्ये त्याने आत्महत्या केली.

थिंडच्या बाजूने काय मांडले गेले तेही आपण लपवू नये. तो उच्चवर्णीय आहे, शुद्ध आर्य रक्ताचा आहे, आणि गोरा अमेरिकन माणूस सोयरिकीच्या बाबतीत काळ्या माणसाकडे जसे पाहतो तसेच उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या मूळ रहिवाशांकडे पाहतो, असा दावा न्यायालयापुढे केला गेला. दुसऱ्याला खाली ढकलून स्वतःला गोऱ्यांच्या रांगेत उभे करण्याचा हा प्रयत्न होता आणि तो फसला. मराठी वाचकाने इथे एक गोष्ट आठवावी. 1916 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तरुण भीमराव आंबेडकर जातीच्या उत्पत्तीवरचा आपला निबंध वाचत होते. बंदिस्त विवाहातून जात कशी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःला जन्म देते, हे ते दाखवत होते. त्याच वर्षी त्याच शहरातला मॅडिसन ग्रँट ‘नॉर्डिक’ रक्ताची थोरवी सांगणारे आणि स्थलांतरितांना शत्रू ठरवणारे पुस्तक प्रसिद्ध करत होता. आठ वर्षांनी, 1924 च्या कायद्यात, ग्रँटच्या गोटाचा विजय झाला. 1890 च्या जनगणनेवर बेतलेल्या कोट्यांनी इटालियन आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंना जवळजवळ रोखले आणि आशियाला दारच बंद केले. आंबेडकरांनी दाखवलेली गोष्ट, की भेद व्यक्तीच्या दुष्टपणावर चालत नाही, तो नियमांवर चालतो, अमेरिकेच्या बाबतीत लागू करायला आपण का कचरतो, हे मला समजत नाही.

यावर लगेच येणारा आक्षेप असा, की हा इतिहास झाला. आजचा प्रश्न वंशाचा नाही, कायद्याचा आहे. आमचे पूर्वज रांगेत उभे राहून कायदेशीरपणे आले, हे बेकायदा घुसतात. हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत कमी तपासला जातो. पहिल्या महायुद्धापर्यंत युरोपातून येणाऱ्याला व्हिसा लागतच नव्हता. न्यूयॉर्कजवळच्या एलिस आयलंड या तपासणी-नाक्यावरून परत पाठवले गेलेल्यांचे प्रमाण सुमारे 2 टक्के होते. तरीही कोटे लागू होण्याआधी आलेल्यांतही प्रवेशाची नोंद नसलेले युरोपीय हजारोंनी होते. त्यांचे काय केले? 2 मार्च 1929 च्या कायद्याने अशा लोकांना मुभा दिली: जून 1921 पूर्वी आला असाल, चालचलन बरे असेल, तर 20 डॉलर भरा आणि कायदेशीर व्हा. कायद्याच्या मजकुरात वंशाचा उल्लेख नव्हता, पण आशियाई माणसाला तो उपयोगाचा नव्हता आणि मेक्सिकन मजुरापर्यंत तो फारसा पोहोचलाच नाही. फायदा मुख्यत्वे युरोपीय आणि कॅनेडियन लोकांना झाला. दोनच दिवसांनी, 4 मार्च 1929 रोजी, दुसरा कायदा आला. विनापरवाना सीमा ओलांडणे हा त्याने फौजदारी गुन्हा ठरवला, आणि हद्दपार होऊन परत येणे त्याहून मोठा गुन्हा. त्याचा पुरस्कर्ता होता साउथ कॅरोलायनाचा सिनेटर कोलमन ब्लीझ, जो कृष्णवर्णीयांच्या जमावहत्यांचे उघड समर्थन करत असे. नैर्ऋत्येतल्या बड्या शेतमालकांना मेक्सिकन मजूर हवे होते, म्हणून मेक्सिकोवर कोटा लादता येत नव्हता. मग तोड अशी निघाली की मजूर येऊ दे, पण अधिकृत फाटकातून न आला तर तो गुन्हेगार. त्या अधिकृत फाटकावर काय होते? एल पासोच्या पुलावर मेक्सिकन मजुरांना 1917 पासून कपडे उतरवून जंतुनाशकाची आणि केरोसीनची आंघोळ घालत. एकाच सप्ताहात एका समाजाची बेकायदा वस्ती 20 डॉलरमध्ये धुऊन निघाली आणि दुसऱ्या समाजाचे तेच कृत्य तुरुंगाचे कारण झाले. ‘आमचे पूर्वज कायदेशीर होते’ हे वाक्य आज ज्यांच्या तोंडी आहे, त्यांच्यातल्या पुष्कळांचे पूर्वज अशा क्षमेमुळे कायदेशीर झाले.

सीमा ओलांडणे गुन्हा ठरवणारा हा कायदा मेला नाही. तीसच्या दशकातल्या मंदीत मेक्सिकन वंशाच्या लाखो लोकांना धाकदपटशाने सीमेपार धाडले गेले आणि त्यात अमेरिकेत जन्मलेले नागरिकही मोठ्या संख्येने होते. त्याबद्दल कॅलिफोर्नियाने 2005 मध्ये माफी मागितली. माफी मागितली, कलमे तशीच राहिली. 1929 ची ती दोन्ही कलमे 1952 मध्ये मॅककॅरन यांच्या कायद्यात घेतली गेली आणि आजही फेडरल न्यायालयांत त्यांखाली खटल्यांची रीघ लागलेली असते. 2018 मध्ये सीमेवर आईबापांना अटक करून हजारो मुलांची ताटातूट केली गेली, ती याच गुन्ह्याच्या आधारे. 2021 मध्ये नेवाडातल्या एका फेडरल न्यायाधीशांनी यांतले पुनर्प्रवेशाचे कलम वंशद्वेषातून जन्मल्यामुळे घटनाबाह्य ठरवले. 2023 मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. कायदा 1952 मध्ये पुन्हा मंजूर झाला, तेव्हा 1929 चा हेतू त्याला चिकटलेला आहे हे सिद्ध होत नाही, असे त्या न्यायालयाला वाटले. ब्लीझला ओळखणारा मतदार आज अमेरिकेत शोधून सापडणार नाही. कलम चालवणाऱ्या वकिलाच्या किंवा पोलिसाच्या मनात द्वेषाचा लवलेशही नसेल. तरी ब्लीझने ठरवलेले काम रोज होत राहते. पिढी बदलून सुटणारा हा प्रश्न नाही.

कायद्याच्या जोडीला चित्रे असतात. 1880 च्या दशकात ‘रफ ऑन रॅट्स’ नावाचे उंदीर मारण्याचे विष जर्सी सिटीत तयार होत असे. त्याच्या जाहिरातीत शेंडीवाला चिनी माणूस उंदीर तोंडात घालताना दाखवला होता आणि शेजारी कर्नीच्या घोषणेसारखेच हकालपट्टीचे शब्द. 2024 च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या वादसभेत ओहायोतल्या स्प्रिंगफील्डचे हैतियन लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरी खातात असे कोट्यवधी प्रेक्षकांसमोर सांगितले गेले. शहराच्या अधिकाऱ्यांनी याला काहीही आधार नसल्याचे स्पष्ट केले, तरी बॉम्बच्या धमक्यांमुळे तिथल्या शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. मधे सुमारे 140 वर्षे गेली, माणसे बदलली, लक्ष्य बदलले, आरोपाचा साचा तोच. याच जर्सी सिटीत 1987 मध्ये ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळीने स्थानिक वर्तमानपत्राला पत्र लिहून भारतीयांना शहर सोडायला लावण्याची धमकी दिली, आणि त्या काळात शेजारच्या होबोकनमध्ये एका भारतीय तरुणाचा मारहाणीत जीव गेला. टिकली लावलेल्या बायकांना रस्त्यावर त्रास देणारी ती पोरे होती, म्हातारी नव्हेत. 1924 चे कोटे तोवर कधीच संपले होते. वय कमी म्हणजे द्वेष कमी, हे समीकरण तिथेच मोडते.

आणि विरघळून गेले म्हणून ज्यांची नावे घेतली जातात ते तरी खरेच सुटले का? 1942 मध्ये जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना छावण्यांत डांबले. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेत जन्मलेले नागरिक होते, म्हणजे ज्या पिढीने सगळे मागे पडणार होते नेमकी तीच पिढी. जर्मनी आणि इटलीशीही युद्ध चालू होते, पण त्या वंशाच्या नागरिकांना सरसकट असे कोणी उचलले नाही. 2018 मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये 11 जणांना मारणाऱ्याचा राग होता तो निर्वासितांना मदत करणाऱ्या ज्यू संस्थेवर. चार पिढ्या अमेरिकन राहूनही ज्यू त्याच्या लेखी परक्यांना आत आणणारे परकेच होते.

आकडे दाखवून दिला जाणारा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. गॅलपच्या पाहण्यांनुसार काळ्या-गोऱ्यांच्या विवाहाला मान्यता देणारे 1958 मध्ये 4 टक्के होते, 2021 मध्ये 94 टक्के झाले. हा बदल खरा आहे, मोठा आहे, आणि तो घडवणाऱ्यांनी त्यासाठी मार खाल्ला आहे. पण स्थलांतराचे आकडे पाहा. स्थलांतर कमी करा म्हणणारे 2024 मध्ये 55 टक्के होते आणि 2025 मध्ये 30 टक्के. वर्षभरात पिढी बदलत नाही. जे मत प्रचाराच्या लाटेबरोबर असे चढते-उतरते ते हळूहळू मावळणारे मत नसते, हाक मारली की उठणारे असते. शिवाय मत मवाळ झाले म्हणून यंत्रणा मवाळ झाली का? त्याच पाहणीत 79 टक्के लोकांनी स्थलांतर देशाच्या हिताचे आहे असे सांगितले, आणि त्याच उन्हाळ्यात अमेरिकेच्या काँग्रेसने धरपकड, स्थानबद्धता आणि सीमाबंदीसाठी सुमारे 170 अब्ज डॉलर मंजूर केले. राहिला आर्थिक चिंतेचा मुद्दा. नोकरीची भीती खरी असते, पण ती राग केव्हा उसळतो एवढेच सांगते, तो कोणावर उसळतो हे सांगत नाही. 1924 चा कायदा तर भरभराटीच्या काळात झाला.

मग बहिष्कार उठले ते कशाने? चिनी बंदी 1943 मध्ये उठली, कारण जपानविरुद्ध चीन मित्रराष्ट्र होता. मिळाला तो वर्षाला 105 जणांचा कोटा. हिंदी लोकांना 1946 मध्ये नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला सुमारे 100 जागा मिळाल्या, त्यामागे न्यूयॉर्कच्या जे. जे. सिंग यांनी वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षे झिजवलेले उंबरठे आणि जवळ आलेले भारताचे स्वातंत्र्य होते. देशवार कोटे 1965 मध्ये संपले, ते कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने वंशभेदी कायद्यांना तोंड दाखवायला जागा ठेवली नाही म्हणून. साठ-सत्तरच्या दशकांत मुंबई-पुण्याहून डॉक्टर आणि इंजिनिअर गेले ते या दारातून. त्या कायद्याने शिकलेल्यांना निवडून घेतले, आणि पुढे त्या निवडीचे फळ आपण आपल्या संस्कारांच्या खात्यावर जमा केले. आम्ही कष्टाळू, आम्ही कायदा पाळणारे, आमच्यावर ही वेळ येणार नाही, ही समजूत त्यातून आली. सप्टेंबर 2025 मध्ये एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर 1,00,000 डॉलरचे शुल्क लागले आणि भारतीयांविरुद्ध समाजमाध्यमांवर जे लिहिले गेले, त्यात आपल्या पदव्यांचा कोणी मान ठेवला नाही.

20 जानेवारी 2025 रोजी निघालेला जन्मसिद्ध नागरिकत्व मोडणारा आदेश तर केवळ बेकायदा राहणाऱ्यांपुरता नव्हता. आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसतील, तर त्यांचे बाळही त्याने वगळले. म्हणजे एच-वन-बीवरची असंख्य भारतीय घरे. खालच्या न्यायालयांनी आदेश रोखला तो 1898 च्या एका निकालाच्या बळावर. वाँग किम आर्क हा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला चिनी स्वयंपाकी. तो जिंकला, तरीही 1901 मध्ये एल पासोत त्याला चिनी म्हणून अटक झाली आणि 1910 मध्ये त्याच्या थोरल्या मुलाला देशात घेतले नाही. त्याचा खटला चिनी समाजाच्या संघटनांनी पैसे उभे करून लढवला होता, आणि ज्या घटनादुरुस्तीवर तो उभा राहिला ती 1868 मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी झाली होती. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या रुग्णालयात जन्मलेल्या मराठी बाळाचे नागरिकत्व या दोन लढायांवर टेकलेले आहे. अशा वेळी हैतियन शेजाऱ्यावर आळ येतो किंवा मेक्सिकन मजुराला रस्त्यातून उचलले जाते, तेव्हा ‘आम्ही त्यांच्यातले नाही’ म्हणून बाजूला सरकणे म्हणजे थिंडसाठी केलेला तोच युक्तिवाद पुन्हा करणे आहे. सर्वोच्च न्यायालयाने तो 1923 मध्ये एकमताने फेटाळला होता.